‘लिटल पेन’ आणि रात्रीची गोळी

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना मी मिरजेत इंग्रजी शिकवते. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे वर्गातल्या निम्म्या जणी रात्रपाळी उरकून थेट येतात आणि पहिला तास चहाच्या आधारावर काढतात. २०१७ पासून ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट ही आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, म्हणजे आमच्या बोलण्यातली ओईटी, ग्राह्य धरायला सुरुवात केली, तेव्हापासून आमच्याकडे तिचीच तयारी अधिक चालते. तिच्यातला लेखनाचा भाग ४५ मिनिटांचा असतो. पहिली पाच मिनिटे फक्त केस नोट्स वाचायच्या आणि उरलेल्या वेळात १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहायचे, तेही रुग्णाची पुढची काळजी घेणाऱ्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना. पत्र वाचणारी व्यक्ती त्यावरून काहीतरी करणार आहे, हे गृहीत धरूनच ते तपासले जाते.

गेल्या पावसाळ्यात सरावासाठी मी गुडघ्याचा सांधा बदललेल्या एका वृद्ध बाईंची केस दिली होती. बाई घरी निघाल्या आहेत आणि पत्र घरी भेट देणाऱ्या परिचारिकेला जायचे आहे. जखम कोरडी, चालणे वॉकरच्या साहाय्याने, वेदना दिवसा नगण्य, रात्री थोडी, झोपताना (दवाखान्याच्या भाषेत ‘एचएस’) पॅरासिटामॉल चालू ठेवणे, असा साधारण मजकूर तुटक इंग्रजीत दिलेला होता. पत्रे लिहून झाली की मी ती आपापसांत बदलायला सांगते आणि वाचणारीने स्वतःला ती घरी जाणारी परिचारिका समजून पुढे काय करणार ते बोलायचे, अशी पद्धत ठेवली आहे. वर्गातल्या एका अतिशय हुशार मुलीचे पत्र त्या दिवशी आखातातल्या इस्पितळात काही वर्षे काढून परतलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरांच्या हाती गेले. मुलीने लिहिले होते, ‘शी हॅज लिटल पेन ॲट नाइट.’

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला. ‘‘मॅडम, हिच्या पेशंटला रात्री काही दुखत नाही. मग एचएस डोस कशाला चालू ठेवलाय? मी तर डॉक्टरांना विचारून बंद करीन.’’

‘‘अहो सिस्टर, थोडं दुखतंय असंच लिहिलंय की मी!’’

वर्गात दोन तट पडले. वास्तविक ‘मेनी’ मोजता येणाऱ्या नामांना, ‘मच’ न मोजता येणाऱ्यांना, ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांची वाटणीही तशीच, हा तक्ता प्रत्येकीला पाठ होता. त्या तक्त्याप्रमाणे मुलीचे वाक्य निर्दोष होते, कारण ‘पेन’ इथे मोजता येत नाही आणि तिने ‘फ्यू’ न लिहिता ‘लिटल’ लिहिले होते. कोणता शब्द कोणत्या नामापुढे बसतो एवढेच तक्ता सांगतो. ‘अ’ गाळला की वाक्य नकाराच्या बाजूला झुकते, हे त्यात कुठल्या तरी टिपेत दडलेले असते. शिकवणारेही ती टीप घाईने ओलांडतात, असे माझे निरीक्षण आहे.

मी तक्ता पुसला आणि दोघींना सांगितले की पाळी बदलताना हँडओव्हर देता तसे हेच मराठीत सांगा. मुलगी म्हणाली, ‘‘रात्री जरा दुखतंय.’’ सिस्टर म्हणाल्या, ‘‘रात्री फारसं दुखत नाही.’’ फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी आली आणि पुढचे समजावणे बरेचसे वाचले. ‘अ लिटल’ म्हणजे ‘जरा’, आणि नुसते ‘लिटल’ म्हणजे ‘फारसं’, जे ‘नाही’ आल्याशिवाय पुरे होत नाही. ‘फारसं दुखतंय’ असे आपण कोणी म्हणत नाही. मग मी त्याच केसमधल्या एकट्या राहणाऱ्या बाईंबद्दल विचारले. भेटायला येणाऱ्यांविषयी ‘फ्यू व्हिजिटर्स’ लिहिले तर बाईंकडे फारसे कोणी फिरकत नाही, म्हणजे एकटेपणाची चौकशी करायला हवी, असा अर्थ निघतो. ‘अ फ्यू व्हिजिटर्स’ लिहिले तर चार माणसे येऊन जातात आणि चिंता उरत नाही. हे उत्तर मुलींनी माझ्याआधी दिले.

यावर मागच्या बाकावरून एक तक्रार आली, की मुळात मराठीत मोजता येणारे आणि न येणारे असला प्रकारच नसल्यामुळे आमची अडचण होते. हे मत मी अनेकांकडून ऐकले आहे आणि ते मला पटत नाही. आपण तांदूळ निवडले म्हणतो आणि साखर चाळली म्हणतो. शेंगदाणे भाजले आणि रवा भाजला. भेद आपल्याकडेही आहे, तो क्रियापदात दिसतो, फक्त रेघ वेगळ्या ठिकाणी मारलेली आहे. आपले केस गळतात, पैसे संपतात, इंग्रजीत मात्र ‘हेअर’ आणि ‘मनी’ एकवचनीच चालतात. म्हणून ‘ॲडव्हायसेस’ आणि ‘इक्विपमेंट्स’ आमच्या वह्यांत वारंवार सापडतात, कारण सल्ले आणि उपकरणे आपण मोजतो. ‘इन्फर्मेशन्स’चे खापर मात्र मराठीवर फोडता येणार नाही, कारण ‘माहिती’ आपल्याकडेही एकवचनीच असते. ती निव्वळ ‘एस’ लावण्याची सवय आहे. ‘ॲडव्हाइस’साठी पाठ्यपुस्तके ‘अ पीस ऑफ’ जोडायला शिकवतात, पण पत्रात ते अवघडल्यासारखे वाटते. बाईंना अमुक करण्याचा सल्ला दिला, असे सरळ क्रियापद वापरावे.

याउलट ब्रिटिश वॉर्डात ‘ब्लड्स’ सर्रास ऐकू येते आणि त्याचा अर्थ रक्ताच्या तपासण्या. ‘फ्लुइड्स’ही तसेच. नामावर कायमचा शिक्का नसतो, वापराप्रमाणे ते बाजू बदलते, जसे आपणही घरातले तांदूळ संपले म्हणतो आणि बाजारात तांदूळ महागला म्हणतो.

त्याच हुशार मुलीने मग लघवीच्या मापाचा प्रश्न काढला. तासाला ३० मिलिलीटरपेक्षा कमी लघवी हे तिने ‘फ्यूअर दॅन’ घालून लिहिले होते, कारण मिलिलीटर मोजता येतात. नियम कडक पाळणाऱ्यांकडूनच ही गफलत होते. अंतर, वजन, वेळ, आकारमान यांचे माप एकत्र धरले जाते, तीस वेगवेगळे मिलिलीटर कोणी मोजत बसत नाही, म्हणून तिथे ‘लेस दॅन’ हवे. तपासण्या, गोळ्या, उलट्या यांना ‘फ्यूअर’ शोभते. या भेदाचा आग्रह बहुधा १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने व्यक्त केलेल्या पसंतीपासून सुरू झाला आणि त्याने तो नियम म्हणून मांडलाही नव्हता, हे सांगितल्यावर वर्गाला माझ्यापेक्षा बेकरचाच अधिक राग आला.

पत्राचा निकाल लावायचा राहिला होता. सिस्टर म्हणाल्या, ‘‘थोडं-फार लिहायचंच कशाला? पेन स्कोअर टाका, दहापैकी तीन.’’ वॉर्डात हे सर्वांत योग्य, यात वाद नाही. पण नोट्समध्ये स्कोअर नव्हता आणि तिथे नसलेला तपशील परीक्षेच्या पत्रात घालता येत नाही. ‘सम’ मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही नामांना चालतो आणि ‘अ’ राहून गेल्याची धास्ती त्यात नाही, म्हणून मुलीने ‘शी स्टिल हॅज सम पेन ॲट नाइट’ असे लिहिले आणि लगेच पुढच्या वाक्यात झोपतानाची गोळी चालू ठेवण्याची सूचना घातली. सिस्टरांनी ते वाचून डोस कायम ठेवला.