चांदणीची टोकं शाबूत राहावीत म्हणून: सोलापुरात केलेल्या नाताळच्या कुकीज

ओव्हनमध्ये जाताना चांदणीला पाच टोकं असतात आणि बारा मिनिटांनी बाहेर येते ती नुसती गोलसर चकती. कटरने कापायच्या कुकीजबद्दल सगळ्यांत जास्त तक्रार हीच. दोष कटरचा नसतो. मैदा आणि अंडं धरून बसायच्या आत बटर वितळलं, की कड पसरणारच. आणि सोलापुरात बटर पातळ व्हायला ओव्हनची वाट बघावी लागत नाही. डिसेंबरात पहाटे पारा १५-१६ अंशांवर असला, तरी दुपारी तो ३०च्या घरात जातो. नाताळच्या फराळात करंज्या-शंकरपाळ्यांच्या जोडीला या कुकीज मी दरवर्षी करते, आणि आता सगळं वेळापत्रक या बटरच्याच कलाने लावते: पीठ आदल्या संध्याकाळी, लाटणं लगेच त्यानंतर, कापणं आणि भाजणं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत. आयसिंग मात्र दुपारी. का, ते पुढे येईलच.

एका घाण्याला बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, एक अंडं, मैदा ३२० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स दीड छोटा चमचा. मध्यम आकाराच्या ३५च्या आसपास कुकीज होतात. वाटीचं माप इथे धरू नका. दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या वाटीत मैद्याचा फरक सहज २०-३० ग्रॅमचा पडतो, आणि तेवढ्यात पीठ एक तर चिकटतं किंवा लाटताना भेगाळतं. बेकिंग पावडर मी अजिबात घालत नाही. फुगायला जागा मिळाली की कुकी वर आणि बाजूला, दोन्हीकडे जाते. आपल्याला बाजू हलायला नको आहे.

बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको, बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा घाला. घरचं लोणी वापरायचा मोह होतो, पण त्यात पाणी किती राहिलंय याचा अंदाज नसतो. जास्तीच्या पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी भाजताना आकसते, चांदणीचा एक हात आखूड होतो. तुपाचं उलटं. त्यात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून नानकटाई तुपात खुसखुशीत होते. पण तीच नानकटाई भट्टीत पसरते आणि तिला तडे जातात. नानकटाईत ते शोभतं, कापलेल्या आकाराला ते चालत नाही.

साखर घरी दळणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. मिक्सरमधून निघालेली पिठीसाखर चांगलीच गरम असते. ती तशीच बटरमध्ये गेली तर बटर तिथेच वितळलं म्हणून समजा. परातीत पसरून अर्धा तास गार होऊ द्यावी, मग बारीक चाळणीने चाळावी. जाड दाणे राहिले तर ते ओव्हनमध्ये विरघळतात, आणि त्या पाकाबरोबर कुकीही पसरते.

बटर फ्रिजबाहेर काढून किती वेळ ठेवायचं, हे घड्याळापेक्षा बोटाने ठरवावं. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चमक लागू नये. ही वेळ हिवाळ्यातल्या संध्याकाळी अर्ध्या तासाने येते, दुपारी दहा मिनिटांत निघून जाते. साखरेबरोबर फेटायचं ते एकजीव होईपर्यंतच, एक-दोन मिनिटं. केकसाठी आपण पांढरं, हलकं होईपर्यंत फेटतो. इथे ती हवा नको, कारण तीच ओव्हनमध्ये फुगते. मग अंडं, इसेन्स, आणि चाळलेला मैदा-कॉर्नफ्लोअर तीन वेळा करून. शेवटचे दोन चमचे मैदा हातात राखून ठेवा. पीठ भांड्याची कड सोडून गोळा व्हायला लागलं की थांबायचं. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. तळहाताने दोन-तीनदा दाबून एकत्र आणलं की झालं. मळलं तर कुकी कडक होते आणि आकसते.

गोळा फ्रिजमध्ये टाकून दोन तासांनी दगडासारखा झाला की त्याच्याशी लाटण्याने कुस्ती खेळायची, ही पद्धत मी सोडून दिली. आता मऊ असतानाच लाटते. गोळ्याचे दोन भाग, प्रत्येक भाग दोन बेकिंग पेपरांच्या मध्ये ठेवून. मैदा भुरभुरायची गरज पडत नाही, त्यामुळे पीठ कोरडं होत नाही. ओटा कडाप्प्याचा असेल तर उत्तम, तो पोळपाटापेक्षा गार राहतो. जाडी ५ ते ६ मिलिमीटर हवी, सगळीकडे सारखी. त्यासाठी तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं. पातळ कुकी टोकाशी करपते आणि जाड कुकी मध्ये कच्ची राहते. एका ट्रेमध्ये दोन्ही असतील तर कुठलीच नीट होत नाही.

लाटलेले पापुद्रे कागदासकट थाळ्यावर एकावर एक ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. वरून प्लास्टिक घट्ट लपेटायला विसरू नका. एक तर आपली हवा कोरडी, कडा वाळून सकाळी चिरतात. दुसरं असं की सोलापूरच्या फ्रिजमध्ये शेंगा चटणीचा डबा असतोच, आणि बटर वास इतकं पटकन धरतं, की व्हॅनिलाच्या कुकीला लसणाची चव लागते. हा वास भाजल्यावरही जात नाही.

सकाळी एकेक पापुद्रा बाहेर काढायचा, दोन्ही फ्रिजमध्ये असतील तर एक आतच राहू द्यायचा. वरचा कागद एकदा सुटा करून परत ठेवा आणि पापुद्रा उलटा करा, म्हणजे खालचाही सुटतो. कटर मैद्यात टेकवून झटका, सरळ खाली दाबा, वळवू नका. वळवला की कड खालून फाटते. आकार कटरला चिकटून वर आला तर बोटाने ढकलू नका, कटर हलकेच ट्रेवर आपटा. चांदणी, घंटा, सूचिपर्णी झाड हे आकार सोपे. देवदूताचे पंख आणि हरणाची शिंगं दिसायला सुरेख, पण बारीक भाग आधी करपतात आणि डब्यात आधी मोडतात. कटर नसेल तर शंकरपाळ्यांच्या कातणीने काढलेले चौकोनही छान दिसतात. झाडाला टांगायच्या असतील तर भाजण्यापूर्वीच स्ट्रॉने भोक पाडा, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. ओव्हनमधून काढल्या काढल्या त्याच भोकात स्ट्रॉ पुन्हा घाला, कारण ते थोडं बुजलेलं असतं.

कापलेल्या कुकीज ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. एवढी एकच पायरी घाईत गाळली तरी फरक डोळ्यांना दिसतो. थंडगार बटर वितळेपर्यंत बाहेरची कड सुकून धरलेली असते.

ओटीजी, म्हणजे रॉडवर तापणारा घरगुती ओव्हन, १७० अंशांवर, दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, निदान १५-२० मिनिटं आधी तापवलेला. बटणावरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये, घरगुती ओटीजीत १०-२० अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर स्वस्तात मिळतो आणि खूप कटकट वाचवतो. कुठला कोपरा जास्त तापतो ते बघायला ट्रेवर ब्रेडच्या स्लाइस मांडून पाच-सात मिनिटं भाजा, कुठल्या आधी तांबूस झाल्या ते लगेच कळेल. मग आठव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा. एकूण ११ ते १३ मिनिटं. वरून रंग येण्याची वाट पाहू नका. खालच्या कडेला पुसटशी सोनेरी रेघ दिसली आणि वरची ओलसर चमक गेली की काढा. तेव्हा त्या मऊ लागतात, म्हणून परत आत ढकलू नका. ट्रेवरच पाच मिनिटांत त्या आवळतात. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीही मांडू नका. कुकी ओव्हनपर्यंत पोहोचायच्या आत खालून वितळायला लागते.

शेजारीपाजारी द्यायच्या ताटाचाही विचार करावा लागतो. नाताळ बहुतेकदा मार्गशीर्षात येतो, आणि बऱ्याच घरांत त्या महिन्यात अंडं चालत नाही. त्यांच्यासाठी अंड्याऐवजी गार दूध घालते, एकेक चमचा, पीठ गोळा होईपर्यंत. साधारण तीन मोठे चमचे लागतात. या कुकीज थोड्या जास्त खुटखुटीत होतात, आकार मात्र तितकाच चांगला धरतात. भांडी, कटर, ट्रे धुऊन हाच घाणा आधी करावा. समोरच्याने विश्वासाने खायचं असतं.

आता आयसिंग. ज्या कोरड्या हवेने पिठाला त्रास दिला, ती इथे कामाला येते. दमट हवेत रॉयल आयसिंग, म्हणजे वाळून कडक होणारं साखरेचं आयसिंग, चिकट राहतं. सोलापुरात डिसेंबरच्या दुपारी ते तासाभरात वरून धरतं आणि रात्रभरात पूर्ण कडक होतं. ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मरँग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाची), पाच ते सहा मोठे चमचे कोमट पाणी, आणि सात-आठ मिनिटं मध्यम वेगात फेटणं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातही होतं, पण लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांच्या ताटात ते जाऊ नये, म्हणून मी पावडरच वापरते. भांड्याला तुपाचा अंश राहिला तर आयसिंग फुलत नाही. लिंबाची फोड फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. मरँग पावडर अंड्याचीच असते, तेव्हा बिनअंड्याच्या कुकीजवर २५० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन-अडीच मोठे चमचे दूध आणि दोन छोटे चमचे लिक्विड ग्लुकोज. ते चमकतं छान, पण तितकं कडक होत नाही, त्यामुळे एकावर एक रचता येत नाही.

पातळ किती करायचं? चमच्याने थोडं आयसिंग उचलून परत भांड्यात सोडा आणि आकडे मोजा. पडलेली धार वीस म्हणेपर्यंत दिसत राहिली तर ते कडेच्या रेघेसाठी ठीक. दहा-बारालाच विरून पृष्ठभाग सपाट झाला तर आत भरायला ठीक. पाच म्हणायच्या आत विरलं तर ते कडेवरून ओघळणार, थोडी साखर वाढवा. पाणी थेंबाथेंबाने घालावं; अर्धा छोटा चमचाही कधी कधी जास्त होतो. रंग जेलचा हवा. लाल रंग एकदम गडद करायला जाऊ नका, तो काही तासांत आपोआप चढतो, आणि जास्त झाला तर शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. पांढरं पूर्ण वाळल्यावरच त्याला लागून लाल भरा.

मेंदीचा कोन वळता येत असेल तर वेगळं नोझल लागत नाही. तसाच कोन, टोक अगदी बारीक कापलेलं. आधी कडेने रेघ, दहा मिनिटं थांबून आत भरणं, आणि टूथपिकने कोपऱ्यांपर्यंत ओढणं. वर आलेले बुडबुडे त्याच टूथपिकने लगेच फोडा, साय धरल्यावर फोडायला गेलं तर खड्डा राहतो. भांड्यावर ओलं फडकं सतत हवं, नाहीतर पाच मिनिटांत पापडी धरते आणि तिचा एक कण कोनाचं टोक बुजवतो. कुकी पूर्ण गार असल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. कोमट कुकीवरचं बटर वर झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या आयसिंगवर पिवळट डाग उमटतात.

वाळायला पंख्याखाली, हळू वेगात. घंटेचं लोलक, देवदूताचा चेहरा अशा बारीक जागी आयसिंग वाळताना खचतं. वारा मिळाला तर वरचा थर लवकर धरतो आणि खचणं कमी होतं. रात्रभर उघड्यावर राहणार म्हणजे मुंग्या आल्याच. परातीत पाणी, त्यात उलटं पातेलं, त्यावर थाळा आणि वर जाळीचं झाकण. सकाळी कुकीच्या मधोमध नखाने हळूच दाबून पाहा, खूण उठली नाही तरच डब्यात. प्रत्येक थरात बेकिंग पेपर, सगळ्यांत जड आकार तळाला, डबा घट्ट झाकणाचा. दोन आठवडे चांगल्या टिकतात. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर आयसिंगला पाणी सुटतं आणि रंग फुटतात. ताट भरताना कुकीज चकलीला खेटून मांडू नका. चकलीचं तेल आयसिंगला लागतं. मध्ये कागदाची वाटी ठेवली की काम होतं.