हात धुण्याच्या प्रदर्शनात काय मांडावे

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि गावोगावच्या आरोग्य मेळाव्यांत हात धुण्याचा विभाग मी गेली काही वर्षे मांडत आले आहे, आणि या विषयावरचे नुसते तक्ते भिंतीवर लावून फारसे काही साधत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘जेवणापूर्वी हात धुवा’ हे वाक्य पहिलीतल्या मुलालाही पाठ असते. आपण धुतलेला हात खरोखर स्वच्छ झाला का, हे मात्र त्याला सहसा कोणी दाखवलेले नसते.

ते दाखवण्यासाठी अतिनील दिव्याच्या पेटीसारखे साधन नाही. त्या प्रकाशात चमकणारी, त्वचेला न बाधणारी पूड हातांना चोळायची, मुलांना नेहमीसारखे हात धुऊन यायला सांगायचे आणि मग आतून काळा कागद लावलेल्या खोक्यात हात घालायला लावायचे. तळवे बहुतेकांचे स्वच्छ निघतात. चमक उरते ती नखांच्या कडांना, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर. ती पाहिल्यावर मूल कोणी न सांगता पुन्हा नळाकडे जाते.

दिवा नसेल तेथे गोडेतेलात कालवलेली दालचिनीची पूड चालते. (हळद वापरू नये, साबण लागताच ती लाल होते आणि मुलांचे सारे लक्ष त्या रंगाकडे जाते.) एकाने नुसत्या पाण्याने, दुसऱ्याने साबण लावून पण न चोळता आणि तिसऱ्याने साबणाने बेचा पाढा सावकाश दोनदा म्हणेपर्यंत, म्हणजे सुमारे २० सेकंद, चोळून हात धुवावेत. तीन हात शेजारी धरले की वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. तेलाचा हात नुसत्या पाण्याने निघत नाही, हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असल्यामुळे आयांना आणि आज्यांना हा प्रयोग चटकन पटतो.

पाण्यावर मिऱ्याची पूड भुरभुरून साबणाचे बोट बुडवण्याचा लोकप्रिय प्रयोग मात्र मी मांडत नाही. पूड क्षणात कडेला पळते ती पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण, कमी झाल्यामुळे. जंतू साबणाला घाबरून पळतात असा त्याचा अर्थ लावणे चुकीचे आहे, आणि त्यातून साबणाचा स्पर्श पुरेसा आहे, चोळायची गरज नाही, हा नेमका उलटा धडा मुले घेऊन जातात.

मोठ्या माणसांचा प्रश्न वेगळा असतो. ‘हात तर स्वच्छ दिसतो आहे’ असे ते म्हणतात, तेव्हा मी त्यांना व्हिएन्नाच्या रुग्णालयातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची हकिगत सांगते. तेथील डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइस यांनी त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. रोग जंतूंमुळे होतात हा जंतुसिद्धांत तेव्हा अजून मान्यही झालेला नव्हता.

प्रदर्शनाच्या शेवटच्या टेबलापाशी मी पायाने चालणारा पाण्याचा कॅन उभा करते. भोक पाडलेला ५ लिटरचा कॅन दोन खांबांमधल्या आडव्या काठीला टांगायचा आणि त्याच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक जमिनीलगतच्या काठीला बांधायचे. पायाने काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. धुतलेल्या हाताने काहीच धरावे लागत नाही आणि पाणी थोडे लागते, म्हणून टंचाईच्या गावांत हा कॅन विशेष उपयोगी आहे. मुलांनी तो तेथेच स्वतः बांधावा आणि प्रदर्शन संपल्यावर पोषण आहाराच्या पंगतीजवळ न्यावा, असा माझा आग्रह असतो. साबणाची वडी मातीत पडते किंवा हरवते. त्यापेक्षा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत साबणाचे पाणी करून ती कॅनच्याच काठीला बांधावी, आणि ती भरण्याची पाळी वर्गांनी वाटून घ्यावी.