जहांगीर हॉलपाशी भेटू

"बरोबर चारला जहांगीर हॉलपाशी ये," मावशी फोनवर म्हणाली होती. मी पावणेचारपासून जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांवर. साडेचारला तिचाच फोन. "अरे, आहेस कुठे? पाय मोडले माझे उभं राहून!"

ती उभी होती मुंबईतल्या रिगल सिनेमाच्या चौकात, नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या दाराशी. चूक तिची नव्हतीच. ती इमारत मुळात सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालची. मी बसलो होतो ती आर्ट गॅलरी १९५२ची. मॉडर्न आर्टवाले हॉलमध्ये आले १९९६ला, म्हणजे मावशीच्या हिशेबात परवा. तिच्या लहानपणी इथे सभा व्हायच्या, गाणी व्हायची. अण्णांचं बोट धरून ती एकदा भाषणाला आली होती. भाषण कुणाचं ते आठवत नाही, परतताना मिळालेले खारे दाणे आठवतात.

तिकीट काढून आत गेलो. भिंतीवरच्या चित्रांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "स्टेज कुठे गेलं?" हा तिचा पहिला प्रश्न. हॉलच्या पोटात आता मजल्यावर मजले रचलेत, गोल जिना चढत थेट घुमटाखाली पोचता येतं. गुडघ्यांवर हात टेकत ती वर आली, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी बसले होते, त्याच्या डोक्यावर आपण आत्ता उभे आहोत."

मी सरकारी नोकरीत तीन बदल्या भोगल्यात. दरवेळी बिऱ्हाड हललं, खातं तेच राहिलं. या चौकातल्या इमारतींचं उलटं. जागा जन्माची, बदलतं ते खातं. समोरचं म्युझियम घ्या. (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणायला हवं, पण बसमध्ये कंडक्टरला 'म्युझियम'च सांगतो आपण.) इमारत उभी राहिली १९१४ला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. मूर्ती राहिल्या बाजूला, आधी जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२ला. मूळ पदावर रुजू होण्याआधीच प्रतिनियुक्ती!

सगळ्याच बदल्या मानवतात असं नाही. पलीकडे काळा घोड्याला वॉटसन हॉटेल. इंग्लंडहून आणलेला बिडाचा सांगाडा. १८९६ साली ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्याखोल्यांत पार्टिशनं ठोकून ऑफिसं थाटली गेली, वकिलांचीही, कारण कोर्ट समोरच. त्या इमारतीची दशा पाहिली की पोटात कालवतं. मावशीला मी तिकडे नेलंच नाही.

चहा शोधत आम्ही पोलीस मुख्यालयासमोर आलो. मावशी थबकली. "हा वर कोण रे, दाढीवाला?"

"नेपच्यून. त्यांचा समुद्रदेव."

"म्हणजे वरुणच. मग पोलिसांच्या डोक्यावर काय करतोय?"

हे १८७६चं खलाशांचं वसतिगृह, तेव्हा समुद्रदेव हवाच. १९२८ला सरकारने ते विधिमंडळासाठी घेतलं. १९६०ला महाराष्ट्र झाला तेव्हाही आमदार याच इमारतीत बसायचे. नरिमन पॉइंटला नवं विधान भवन झाल्यावर १९८२ला पोलीस आले. एवढे धनी झाले, वरुणाला कुणी हात लावला नाही. मी सांगत होतो आणि मावशी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. फाटकावरचा पोलीस आमच्याकडे.

बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ती म्हणाली, "पुढच्या वेळी ते जहांगीर-बिहांगीर नको, घोटाळा होतो. सरळ विधानसभेपाशीच भेटू."

बस सुटल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी नरिमन पॉइंटला जाऊन उभा राहिलो असतो.