काक्षीची प्रत नुसत्या डोळ्यांनी

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी हा आयुष्याच्या उतरणीला लागलेला महाराक्षसी तारा. गाभ्यातला हायड्रोजन कधीच संपलाय. सुमारे 400 दिवसांच्या आवर्तनात तो उजळतो, मंदावतो. फेब्रुवारी 2020 मध्ये तर 1.6 प्रतीपर्यंत उतरला होता (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद). त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ आड आली.

हे मोजायला दुर्बीण नको. प्रश्वा (0.4) आणि रोहिणी (0.9) यांच्याशी तुलना करा, अगदी मधोमध वाटला तर 0.6 किंवा 0.7 लिहा. तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर असताना बघा, क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे फिका पडतो. आणि टक लावू नका! लाल तारा बघत राहिलं की उगाच उजळ भासतो. झटकन नजर फिरवायची, लगेच वेळेसकट नोंदवायचं.