आमची वाटचाल: दांडिया बाजारातला प्रोग्रॅमिंगचा क्लास

२००९ मध्ये बडोद्यात मुलांचा कॉम्प्युटर क्लास म्हणजे टायपिंग, पेंट, वर्ड आणि शेवटी एक सर्टिफिकेट. पत्नीने आणि मी दांडिया बाजारात वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एका ऑफिसने काढून टाकलेली जुनी मशीनं आणली आणि पाटीवर लिहिलं, 'मुलांसाठी प्रोग्रॅमिंग'. चौकशीला आलेले पालक विचारत, "वर्ड-एक्सेल नाही शिकवत?" नव्हतो शिकवत. वर्डमध्ये मूल दुसऱ्याने नेमून दिलेली बटणं दाबतं. प्रोग्रॅम लिहिताना यंत्राने काय करायचं ते मूल सांगतं, आणि सांगायचं तर आधी त्याला स्वतःला नीट कळलेलं असावं लागतं. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवात केली लोगोपासून. वॉली फॉइर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये मुलांसाठीच बनवलेली ही भाषा. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याकडे काम करून आले होते. मूल स्वतः करून बघत शिकतं, हा विचार लोगोत जागोजाग दिसतो. पडद्यावर एक कासव असतं. 'फॉरवर्ड १००' म्हटलं की ते शंभर पावलं पुढे जातं, 'राइट ९०' म्हटलं की काटकोनात वळतं. असं चार वेळा केलं की चौरस तयार.

खरी गंमत त्रिकोणात. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे मुलांना शाळेत शिकवलेलं असतं, म्हणून ती बेधडक 'राइट ६०' देतात. तीन वेळा करूनही आकृती मिटत नाही. आणखी तीन वेळा केलं तर षटकोन होतो! अशा वेळी आम्ही उत्तर सांगत नाही. फरशीवर खडूने रेघ मारतो आणि मुलालाच कासव करून चालायला लावतो. कोपऱ्यावर वळताना त्याला उमगतं की आपण आतल्या कोनातून नाही, बाहेरच्या कोनातून वळतो: १८० वजा ६०, म्हणजे १२०. मग पंचकोनाचे ७२ आणि पाच टोकांच्या चांदणीचे १४४ मुलं आपली आपण शोधतात. चांदणी काढून झाल्यावर एक मुलगी ओरडली होती, "सर, मी दोनदा गोल फिरले!" पाच गुणिले १४४, म्हणजे ७२०. तिला कुणीही हे शिकवलेलं नव्हतं.

पहिली काही वर्षं घर पत्नीच्या पगारावर चाललं. उन्हाळी बॅच भरायची आणि शाळा सुरू झाल्या की खोल्या ओस पडायच्या. मदतीला आलं स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेली मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा, फुकट, आणि आमच्या जुन्या मशीनवर इंटरनेटशिवाय चालणारी. त्यात टाइप न करता पडद्यावरचे आज्ञांचे तुकडे जोडायचे असल्याने इंग्रजी टायपिंगला अडणारी मराठी-गुजराती माध्यमाची मुलंही पहिल्याच दिवशी काहीतरी हलतं-बोलतं करून घरी जाऊ लागली.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, आणि त्याच सुमाराला जाहिरातींनी पालकांना घाबरवून सोडलं. सहा वर्षांच्या मुलाला ॲप बनवायला शिकवा, म्हणून लोक यायचे. आम्ही आठ वर्षांखालच्यांना घेत नाही. त्या वयात मातीत खेळावं, गोष्टी ऐकाव्यात. त्यापायी बॅचेस गेल्या, पण नियम बदलला नाही.

सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्या गावात प्रोग्रॅमिंग फक्त फी परवडणाऱ्यांच्या वाट्याला यावं, हे आम्हाला पटत नाही. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये दोन जागा बिनफी असतात. कुणाच्या, ते आम्ही दोघंच जाणतो.

आता आठवीपासून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. पालकांचा नवा प्रश्न असतो, एआय कोड लिहून देतं, मग हे कशाला? मुलांनी एआयकडून कोड आणला तर आम्ही तो चालू देतो. मात्र रन करण्याआधी मधली एक ओळ झाकतो आणि विचारतो, ही काढली तर काय होईल? वहीत उत्तर लिहायचं, मगच बटण दाबायचं. उत्तर चुकलं तर तो प्रोग्रॅम त्या मुलाने दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचा.