आमची वाटचाल: रुमालापासून छत्रीपर्यंत

१९९६ साली वाईत दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटोंवर भाडं निघायचं, पण घर चालायचं ते लग्नसराईवर. तेव्हा एकच रीत ठाऊक होती: फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवायचा आणि थेट नवरीच्या तोंडावर मारायचा.

दुसऱ्या वर्षी एका घरी अल्बम द्यायला गेलो. नवरीच्या आई दोन पानं उलटून थांबल्या. "दादा, माझ्या लेकीचा रंग कुठं गेला?" मुलगी सावळी, तजेलदार. आमच्या फोटोत चेहरा फटफटीत, कपाळावर तेलकट चमक, नथीच्या मोत्यांचे नुसते पांढरे ठिपके आणि मागच्या भिंतीला चिकटलेली काळी सावली. लॅबवर ढकलता आलं असतं, पण चूक आमच्या उजेडाची होती.

मग फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधून पाहिला, बटर पेपर चिकटवला, पुढे प्लास्टिकची टोपी आणली. चमक थोडी उतरली, सावलीची धारदार कड मात्र तशीच. कारण उमगायला बराच काळ गेला. समोरच्या माणसाला दिवा केवढा मोठा दिसतो, त्यावर उजेडाचा मऊपणा ठरतो. चार बोटं रुंदीचा फ्लॅश दहा फुटांवरून ठिपकाच; टोपी घातली तरी तो जेमतेम वाढतो. टोपीचं खरं काम बंद खोलीत. तिथे ती उजेड चहूकडे उधळते आणि पांढरं छत, पांढऱ्या भिंती तो परत पाठवतात. उघड्या मांडवात तीच टोपी नुसते सेल खाते.

वाड्यांमध्ये तर वेगळीच पंचाईत. कडीपाट काळपट लाकडाचा, त्यावर मारलेला फ्लॅश तिथेच जिरतो. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीवरून परतला तर नवरीच्या गालावर हिरवट झाक! म्हणून थर्माकोलची शीट सामानात आली. मदतीचा मुलगा ती उंच, तिरकी धरायचा आणि आम्ही फ्लॅश तिच्यावर मारायचो. दोन बाय तीन फुटांची ती शीटच मग दिवा व्हायची.

पण यात उजेड निम्म्याहून कमी उरतो. फ्लॅश पूर्ण ताकदीने मारावा लागतो आणि पुन्हा भरायला वेळ घेतो. एकदा अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, आणि फ्लॅशचा लाल दिवा लागेचना. तो क्षण गेला. त्या घराकडून आम्ही पैसे घेतले नाहीत, पण सल अजून आहे. तेव्हापासून दोन फ्लॅश आणि चार्ज केलेल्या सेलचा जादा संच सोबत असतो. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची कमी उजेडात टिपायची ताकद, ८००, १६००वर नेता येऊ लागला, तेव्हा फ्लॅशवरचा ताण बराच हलका झाला.

आता स्टँडवर फ्लॅशचा उजेड पसरवणारी ४० इंची पांढरी छत्री असते. जोडप्यासाठी चार-पाच फुटांवर. कुटुंबाच्या ग्रुप फोटोला मात्र ती मागे आणि उंच न्यावी लागते. अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट उरतो, त्यामुळे छत्री जवळ असली तर पुढच्या रांगेतल्या मामी उजळतात आणि मागचे काका अंधारात जातात.

लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन मी आधी छत बघतो. गुलाबी कापड ताणणार असतील, तर नवरानवरीच्या डोक्यावरचा पट्टा तेवढा पांढरा ठेवा, असं डेकोरेटरला विनवतो. बहुतेक जण ऐकतात.