घरच्या संगणकावर दूरदर्शनचे रेकॉर्डिंग: माझा अनुभव

संध्याकाळी सात वाजता सह्याद्री वाहिनीवर बातम्या लागतात तेव्हा मी कामावरून परतीच्या वाटेवर असतो, आणि ज्या मुलाखती व संगीताचे कार्यक्रम मला जपून ठेवावेसे वाटतात तेही माझ्या सोयीच्या वेळी लागत नाहीत. यातले बरेच काही नंतर यूट्यूबवर मिळते. परंतु सगळे मिळत नाही, आणि आज मिळालेले पुढच्या वर्षी तिथे असेलच याची खात्री नसते. म्हणून घरातल्या जुन्या डेस्कटॉपनेच ठरलेल्या वेळी वाहिनी लावून कार्यक्रम साठवावा, अशी सोय मी केली.

केबल अॅनालॉग होती तोपर्यंत हे फार सोपे होते. बीटी878 चिप असलेले ट्यूनर कार्ड (वाहिनी पकडणारे कार्ड) संगणकात बसवायचे, केबलवाल्याची वायर थेट त्यात खोचायची, की सगळ्या वाहिन्या पडद्यावर दिसत. पुण्यात डिजिटल केबलसाठी 31 मार्च 2013 ही मुदत होती. त्यानंतर वायरीतून येणारा सिग्नल कूटबद्ध झाला आणि तो उलगडण्याचे काम सेट टॉप बॉक्सकडे गेले. बॉक्समधून निघालेले चित्र संगणकात घेता येते, पण वाहिनी बदलायला बॉक्सचाच रिमोट लागतो. त्यामुळे आपण घरी नसताना संगणकाने आपोआप रेकॉर्डिंग करण्याला काही अर्थ उरत नाही.

या अडचणीतून वाट दिसली ती डीडी फ्री डिश या छत्रीवर दिसणाऱ्या सरकारी उपग्रह सेवेमुळे. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही, आणि तिच्यावर येणाऱ्या दूरदर्शनच्या वाहिन्या खुल्या असल्याने बाजारात मिळणारा कोणताही उपग्रह ट्यूनर त्या पकडू शकतो. मी यूएसबीला जोडायचा, डीव्हीबी-एस2 (उपग्रह प्रसारणाचे एक मानक) प्रकारचा ट्यूनर घेतला. घेण्यापूर्वी त्यातील चिपला माझ्या संगणकावरच्या लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधार आहे ना, एवढे मात्र नीट तपासले. कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते त्यावरून हे कधीच कळत नाही.

खरे काम गच्चीवरचे होते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे पुण्यातून पाहताना तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजल्यास साधारण 132 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 59 अंश उंचीवर येतो. त्या दिशेला शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आड येत नाही, हे आधी होकायंत्राने पाहून घेतले. छत्री 60 सेंटिमीटरची. ट्यूनर यूएसबीचा असल्यामुळे तो लॅपटॉपसह थेट गच्चीवर नेता आला, आणि छत्री हलवताना होणारा फरक त्याच क्षणी डोळ्यांसमोर दिसू लागला.

इथे दोन आकड्यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. सिग्नलची ताकद दाखवणारा आकडा छत्री भलत्याच उपग्रहाकडे असली तरी भरपूर दिसतो. गुणवत्तेचा आकडा मात्र योग्य उपग्रह पकडला तरच वर चढतो. म्हणून मी 11090 मेगाहर्ट्झ, उभे ध्रुवीकरण (लहरींच्या कंपनाची दिशा) आणि 29500 सिम्बॉल रेट (संकेत येण्याचा वेग) एवढी एकच वारंवारता लावून ठेवली. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा भाग, त्यातून 9750 वजा करतो आणि 1340 मेगाहर्ट्झचा सिग्नल वायरीतून खाली पाठवतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’ असा निवडला नाही, तर हे गणित चुकते आणि छत्री अचूक असूनही काहीच सापडत नाही. धाकटा भाऊ पाना घेऊन छत्रीपाशी उभा राहिला, मी आकडा वाचत गेलो. सिग्नल लॉक झाला तेव्हा गुणवत्ता सात डेसिबलच्या आसपास होती. चित्र उत्तम दिसत होते, त्यामुळे “दादा, आवळू का आता?” असे तो विचारत होता, पण कू बँडचा, म्हणजे फ्री डिश ज्या वारंवारतांच्या पट्ट्यात येते त्या पट्ट्याचा, सिग्नल जोराच्या पावसात झपाट्याने घसरतो, आणि कोरड्या दिवशी जेमतेम चालणारी जोडणी आषाढात निरुपयोगी ठरते. छत्री केसभर वर घेऊन आणि एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून आकडा अकराच्या पुढे गेला, तेव्हाच नट आवळले. एलएनबीचे वळण बहुतेक जण सोडून देतात, माझ्या छत्रीवर मात्र निम्मा फायदा त्यानेच झाला.

घरातला फ्री डिशचा बॉक्सही चालू ठेवायचा होता. ट्यूनर आणि बॉक्स दोघेही वायरीतूनच एलएनबीला वीज देतात, 13 व्होल्ट दिल्यास उभे ध्रुवीकरण आणि 18 दिल्यास आडवे. त्यामुळे एकाच वायरीला साधा स्प्लिटर लावण्यापेक्षा दोन तोंडांचा एलएनबी घेऊन दोन स्वतंत्र आरजी-6 वायरी खाली आणल्या. जोडांवर पाणी शिरू नये म्हणून रबरी टेप गुंडाळली.

यानंतरचा भाग तुलनेने सरळ आहे. डेस्कटॉपवर टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. ते ब्राउझरमधून, 9981 क्रमांकाच्या पोर्टवर चालवता येते. आधी नेटवर्क (उपग्रहाच्या वारंवारतांची यादी) तयार करायचे, ते ट्यूनरला जोडायचे, वारंवारता स्कॅन करायच्या आणि सापडलेल्या सेवांच्या वाहिन्या करायच्या, हा क्रम पाळला की अडत नाही. कार्यक्रमपत्रिकेची माहिती अनेक वाहिन्यांवर अपुरी येते, म्हणून मी रेकॉर्डिंग घड्याळाच्या वेळेनुसार लावतो आणि आधी पाच व नंतर दहा मिनिटांची सवड ठेवतो.

रेकॉर्डिंग करताना संगणकाला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अॅनालॉगच्या काळात चित्र संगणकालाच संकुचित करावे लागे. आता ते प्रसारकाकडूनच संकुचित होऊन येते आणि संगणक ते जसेच्या तसे फायलीत उतरवतो. साध्या दर्जाच्या वाहिनीचा तासाभराचा कार्यक्रम माझ्याकडे साधारण एक जीबी जागा घेतो. शिवाय एका वारंवारतेवर अनेक वाहिन्या एकत्र येत असल्यामुळे, त्यांपैकी दोन रेकॉर्ड करत असताना तिसरी पाहता येते, आणि हे सगळे एकाच ट्यूनरवर.

पाहताना एक गोष्ट खटकते. साध्या दर्जाचे प्रसारण 576 ओळींचे आणि इंटरलेस्ड असते, म्हणजे आधी विषम आणि मग सम ओळी येतात. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर बातम्यांखाली सरकणाऱ्या पट्टीतील अक्षरांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस सुरू करून ‘याडिफ’ हा पर्याय निवडला की अक्षरे स्वच्छ होतात. नको असलेला भाग कापायला मी एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. चित्र पुन्हा संकुचित न करता नुसते कापल्यास मूळ दर्जा टिकतो.

स्वतःपुरते केलेले असे रेकॉर्डिंग कायद्यात बसते का, हेही पाहून घेतले. स्वामित्व हक्क कायदा, 1957 मधील कलम 39 प्रमाणे खाजगी वापरासाठी प्रसारणाचे रेकॉर्डिंग केल्यास प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. ते इंटरनेटवर चढवणे हा खाजगी वापर नव्हे, म्हणून या फायली माझ्या घराबाहेर जात नाहीत.

देखभाल थोडीच आहे. फ्री डिशवरील खाजगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यानंतर वाहिन्या जागा बदलतात आणि काही दिसेनाशा होतात. अशा वेळी सगळ्या वारंवारता पुन्हा स्कॅन करून वेळापत्रकातल्या नोंदी योग्य वाहिनीला जोडलेल्या आहेत ना, हे पाहावे लागते. पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन नट आणि टेपही तपासतो.